दोन नळ्यांचं वाङ्मय

मराठी समीक्षेनं कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांचा काथ्याकूट पुष्कळ केला. पण मोटारदुरुस्तीचं पुस्तक या वाङ्मयप्रकाराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कारण उघड आहे. समीक्षकाकडे मोटार नसते आणि ज्याच्याकडे मोटार असते त्याला समीक्षा लिहिण्याची गरज नसते. माझ्याकडेही मोटार नाही. पण गेल्या वर्षी न्यू जर्सीला ताईकडे अडीच महिने राहिलो, तेव्हा त्या घरात मराठी पुस्तकं अकरा आणि मोटारदुरुस्तीची चार निघाली. अकरा माझी आधीच वाचून झाली होती. तीस वर्षं परीक्षणं लिहिलेल्या माणसाच्या हातात पुस्तक आलं की दुसरा हात आपोआप पेन्सिल शोधायला लागतो. तेव्हा जी काही मतं बनली ती मांडतो.

परीक्षणाला कसोटी लागते. कवितासंग्रह आला की मी आधी त्यातली पावसावरची कविता काढून वाचतो. पावसात जो घसरला नाही तो इतरत्रही उभा राहतो, असा अनुभव आहे. मोटारदुरुस्तीच्या पुस्तकासाठी मी कसोटी ठरवली ती डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूम नळ्यांची. त्या ज्या पुस्तकाला नीट समजावून देता आल्या, ते पुस्तक चांगलं.

गाडी कोणती तेही सांगितलं पाहिजे. १९७२ सालची फोक्सवॅगन बीटल, म्हणजे ती कासवाच्या पाठीची. याच साली १७ फेब्रुवारीला बीटलनं फोर्डच्या 'मॉडेल टी'चा १,५०,०७,०३४ गाड्यांचा विक्रम मागे टाकला. हिचं इंजिन असतं मागे, म्हणजे आपण जिला डिकी म्हणतो तिथे. आणि सामान असतं पुढे. त्यामुळे 'बॉनेट उघडा' या साध्या वाक्यापासूनच घोळाला सुरुवात होते. डिकीत वाकून पाहिलं की डिस्ट्रिब्यूटरच्या कुशीला बुटपॉलिशच्या डबीसारखी एक चपटी डबी चिकटलेली दिसते. डबीला दोन तोंडं: एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला. तिकडे कार्ब्युरेटरलाही दोन बारीक तोंडं. मध्ये कापडी विणीच्या रबरी दोन नळ्या, आतून साडेतीन मिलिमीटर. बस्स, इतकंच. दोन नळ्या आणि चार टोकं! जोडण्याच्या रीती दोन, त्यातली एक बरोबर आणि एक चूक. एवढ्या कथानकावर आपल्याकडे एकांकिकासुद्धा उभी राहणार नाही.

आता पुस्तकं. पहिलं कारखान्याच्या अधिकृत परंपरेतलं. ही शैली म्हणजे सूत्रवाङ्मय. वैयाकरणांना जसं अर्धी मात्रा वाचली की पुत्रजन्माचा आनंद होई म्हणतात, तसा या लेखकांना क्रियापद वाचलं की होत असावा. आकृती, आकृतीत बाण, बाणाला आकडा, खाली आकड्यांची यादी. टायमिंग इतके अंश, फट इतके मिलिमीटर, पुढे चला. चूक एकही नाही. पण हे लिहिलंय ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी, आणि अशा पुस्तकाचा खरा वाचक तो नव्हेच. ज्याला येतं तो पुस्तक उघडत नाही, जो उघडतो त्याला ते कळत नाही. (विद्यापीठीय समीक्षेबद्दल मी इथे काही बोलत नाही.)

दुसरं पुस्तक इंग्लंडच्या हेन्सचं. जॉन हेन्सनं १९६० साली कंपनी काढली आणि या मालिकेतलं पहिलं पुस्तक १९६६ साली आलं. यांची प्रतिज्ञा मला फार आवडते. ज्या गाडीवर पुस्तक लिहायचं ती विकत आणायची, शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी करायची, परत जोडायची आणि मग लिहायचं. आपल्या चरित्रकारांनी एवढी मेहनत घेतली असती तर! फोटो भरपूर. फोटोत माणूस नाही, फक्त हात. ते हात बघून माणूस सज्जन असावा असं वाटतं. दोष एकच. सुटं करण्याचं वर्णन दोन पानं, आणि मग जोडताना हेच उलट क्रमानं करावं, अशा अर्थाची बोळवण. संसार मोडण्याची कृती सविस्तर द्यायची आणि मांडायची वेळ आली की 'याच्या उलट' म्हणायचं, असा हा प्रकार. नळी काढताना ती कुठून आली हे ज्यानं पाहिलंच नाही, त्यानं उलट क्रम कशाचा धरायचा?

तिसऱ्या पुस्तकाकडे येतो. पण त्याआधी या दोन नळ्या करतात काय, ते सांगायला हवं, कारण माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते आणि ते जळतं. जळायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी द्यावी लागते. फटाक्याची वात पेटवून आपण आधीच पळतो, तसं. किती आधी, हे मात्र बदलत असतं. गाडी सपाट रस्त्यावर आरामात चालली असेल तेव्हा आत मिश्रण कमी आणि विरळ जातं. ते ओल्या सरपणासारखं सावकाश पेटतं, तेव्हा ठिणगी आणखी आधी हवी. हे इंजिनाला कळावं कसं? तर त्याच्या स्वतःच्या श्वासावरून. कार्ब्युरेटरच्या घशात एक पितळी तबकडी असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती घसा बंद करते. तेव्हा तबकडीच्या खाली जोरदार ओढ असते, वर काही नाही. पाय जरा दाबला की तबकडीची कड किंचित उचलते आणि तिच्या वरच्या बाजूचं एक बारीक भोक त्या ओढीत सापडतं. त्या भोकाला जोडलेली नळी डबीतला रबरी पडदा ओढते, पडदा आतली पॉइंटची प्लेट फिरवतो आणि ठिणगी लवकर पडायला लागते. ही पहिली नळी. आपल्या अँबॅसिडरलाही अशी एक होतीच. ती तुटली की काही मिस्त्री तिच्यात आगपेटीची काडी खुपसून मालकाला 'आता फर्स्टक्लास' म्हणत.

दुसरी नळी तबकडीच्या खालच्या भोकातून निघते आणि तिचं काम बरोबर उलटं. गाडी सिग्नलला उभी असते, पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, खाली ओढ जबरदस्त. ती ओढ पडद्याला मागे खेचते आणि ठिणगी उशिरा पडते. किती उशिरा? पिस्टन वरचं टोक गाठून पाच अंश खाली उतरायला लागल्यावर! वरात निघून गेल्यावर फटाका लावावा, तसं. इंजिनाच्या दृष्टीनं हा शुद्ध तोटा आहे. ताकद जाते, उष्णता वाढते. मग हे केलं कशासाठी?

याचं उत्तर इंजिनात सापडत नाही, ते रस्त्यावर सापडतं. लॉस एंजेलिसचं आकाश चाळीसच्या दशकापासून डोळे झोंबवायला लागलं होतं. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांतून न जळता बाहेर पडणारं इंधन आणि कॅलिफोर्नियाचं ते प्रसिद्ध ऊन मिळून हे धुरकं शिजवतात. पुढे १९७०च्या ३१ डिसेंबरला अमेरिकेच्या शुद्ध हवेच्या कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि गाड्या बनवणाऱ्यांना सांगण्यात आलं की १९७५च्या मॉडेलपर्यंत हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड नव्वद टक्क्यांनी खाली आणा. मंडळींची धावपळ उडाली. ठिणगी उशिरा दिली की एक्झॉस्ट जास्त गरम राहतो आणि वाटेत उरलंसुरलं इंधन जळून जातं, हे त्यातल्या सगळ्यात स्वस्त उपायांपैकी एक. क्रायस्लरनं व्हॅक्यूम काही सेकंद अडवून धरणारी झडप बसवली. जनरल मोटर्सनं खालच्या गिअरमध्ये तो तोडूनच टाकणारा स्विच बसवला आणि इंजिन फारच तापलं तर तो परत देणारा दुसरा स्विच बसवला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरच्या मोठ्या अमेरिकन गाड्यांचं बॉनेट उघडलं की वाळत घातलेल्या कुरडया दिसतात त्या या. बीटलनं मात्र दोन नळ्यांत भागवलं. एक नळी इंजिनाच्या फायद्याची आणि दुसरी मागच्या गाडीतल्या माणसाच्या.

हे एकदा कळलं की नळी कुठे लावायची ते पाठ करावं लागत नाही. इंजिन चालू ठेवून नळीच्या तोंडाला बोट लावलं की कळतं. बोट ओढलं जातंय ती खालची, मख्ख बसलीय ती वरची. आणि हे वाक्य मला त्या पहिल्या दोन पुस्तकांत हवं होतं. ती 'कुठे' सांगतात, 'का' सांगत नाहीत. गाडी नवी असते तोवर 'कुठे' पुरतं. पण पन्नास वर्षांत रबर तडकतं, रंग उडतो, गाडी चार हातांतून जाते आणि 'कुठे' पुसून जातं. मग 'का' ठाऊक असेल तरच 'कुठे' पुन्हा शोधता येतं.

ताईच्या गॅरेजमधली बीटल माझ्या मेहुण्यांची. शिकायला गेले तेव्हा १९७६ साली सेकंडहँड घेतली आणि पुढे नोकरी लागली, मोठ्या गाड्या आल्या, तरी विकली नाही. ते जाऊन चार वर्षं झाली. भाच्यानं हौसेनं गाडी पुन्हा चालू करायला घेतली आणि एका दुकानात देऊन सगळं रबर नवं करून आणलं. तेव्हापासून गाडी उभी असताना सुसाट घरघरे आणि चढावर दम टाकी. जरा लांब गेलं की मागून तापलेल्या तेलाचा वास. हवेवर थंड होणारं इंजिन. त्याला ताप सोसत नाही. भाचा विकायच्या गोष्टी बोलायला लागला होता. ताई काही बोलत नव्हती, पण चहा करताना भांडी जास्त वाजत होती.

"मामा, तू एवढी बुक्स वाचतोयस, काही लिहिलंय का त्यात?" त्यानं विचारलं.

लिहिलं होतं, पण छापलेलं नव्हे. चार पुस्तकांतलं चौथं म्हणजे दुसऱ्याचीच आणखी एक प्रत, मेहुण्यांची वापरातली. पानं तेलानं पारदर्शक झालेली. डिस्ट्रिब्यूटरच्या प्रकरणाच्या समासात बारीक देवनागरी अक्षरात लिहिलं होतं : 'घाई — डबीच्या बाहेरच्या तोंडाला, वरून. दम — आतल्या तोंडाला, खालून. सिग्नलला दम, चालताना घाई.' आणि खाली वेगळ्या शाईत, बहुधा नंतर कधीतरी : 'उभं असताना आपला धूर दुसऱ्याच्या नाकात जातो, म्हणून दम.'

आपल्याकडे टीका या शब्दाचा जुना अर्थ दोष काढणं असा नाही. मूळ ग्रंथ उलगडून सांगणं असा आहे. त्या अर्थानं ही मी वाचलेली या विषयावरची सर्वोत्तम टीका. ॲडव्हान्स आणि रिटार्ड या शब्दांना घाई आणि दम यापेक्षा चांगले प्रतिशब्द कुठल्याही परिभाषा कोशाला सुचणार नाहीत. सुचले असते तर समितीनं ते 'त्वरण' आणि 'मंदन' करून ठेवले असते.

"अरे, त्या नळ्यांवर पांढऱ्या रंगानं काहीतरी लिहिलेलं असायचं," ताई दारातून म्हणाली. "मला वाटायचं श्री-बिरी लिहिलंय."

भाच्याला आठवलं. दुकानातल्या मेकॅनिकनंही ती अक्षरं पाहिली होती आणि 'हा काही मंत्र आहे का' असं आदरानं विचारलं होतं. मग आदरानंच त्या नळ्या कचऱ्यात टाकून नव्या बसवल्या. उलट्या. घाईच्या तोंडाला खालची ओढ मिळाली, म्हणून गाडी उभ्या उभ्या धावायला लागली. टायमिंग बघायच्या दिव्यात खूण भलतीकडे दिसली. त्यानं प्रामाणिकपणे डिस्ट्रिब्यूटर फिरवून खूण पुस्तकातल्या पाच अंशांवर आणली. झालं! उभं असताना आकडा पुस्तकाप्रमाणे आणि चालताना सगळीकडे ठिणगी उशिरा. त्यानं पुस्तक पाळलं होतं हो. पुस्तकानंच त्याला पुरतं सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. भाच्यानं आधी डबीची परीक्षा घेतली. ती घ्यायची रीत अशी की नळी तोंडात धरून ओढायची, आत प्लेट हलते का बघायची आणि टोकावर जीभ ठेवून ती तशीच राहते का पाहायची. परत आली तर पडदा फाटला. उसाच्या रसाला बसल्यासारखा तो डिकीत वाकून ओढत होता आणि ताई "तोंडात काय घालतोयस ते, शी!" म्हणत होती. पडदा शाबूत निघाला. नळ्या बदलल्या, टायमिंग पुन्हा लावलं. मग चालत्या इंजिनावर दमाची नळी काढून भोक बोटानं बंद केलं, तशी आवाज एकदम चढला. परत लावली, खाली बसला. म्हणजे दम आपलं काम करत होता. ताई येऊन पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चल, मला किराणा आणायचाय." किराणा आदल्याच दिवशी आणला होता.

आता तिसरं पुस्तक, जे सगळ्यात प्रसिद्ध. जॉन म्यूर नावाच्या इंजिनिअरनं १९६९ साली न्यू मेक्सिकोतून काढलेलं. नावात त्यानं फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी ते सांगितलंय आणि ते कुणासाठी, तर 'संपूर्ण मठ्ठ' माणसासाठी. नियतकालिकांनी हे विशेषण आपापल्या वर्गणीदारांसाठी वापरून बघावं! चित्रं पीटर अश्वांडन यांची. त्यांनी बीटलचा सुटा सुटा भाग हवेत उधळून दाखवलाय, ते चित्र मी भिंतीवर लावीन. म्यूर गाडीच्या कर्माबद्दल बोलतो. आपल्याकडे कर्म फक्त घेणाऱ्याचं बोलायची पद्धत आहे, 'माझं कर्म, म्हणून ही गाडी घेतली'. तर तिलाही एक कर्म असतं आणि ते मालकाच्या हातात असतं, हे मला नवीन होतं. मुख्य म्हणजे हा 'का' सांगतो. हात धुऊन घे, आता हे कर, घाबरू नकोस, असं काकानं पुतण्याला सांगावं तसं सांगतो. बांधणी स्प्रिंगची, त्यामुळे पुस्तक उघडं राहतं आणि दोन्ही हात मोकळे. माझ्या तीस वर्षांच्या परीक्षणात बांधणीला पहिल्या दर्जाचे गुण देण्याचा हा पहिला प्रसंग.

दोष नाहीत असं नाही. माणूस बोलका आहे. एक नट सोडवताना तीन गोष्टी सांगतो, आणि आपण नट धरून उभे. हवं ते पान सापडेपर्यंत हात गार होतात. शिवाय १९७७ साली तो वारला. पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पण वर्षावर्षाला बदलणाऱ्या नळ्यांचा पाठलाग त्या सुरात करणं कुणालाही जड गेलं असतं. तरी या चारांत एकच पुस्तक घ्या म्हटलं तर मी हेच घेईन.

एक संक्षिप्त आवृत्तीही बाजारात आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. बॉशचा '००९' म्हणून डिस्ट्रिब्यूटर मिळतो. त्याला नळीच नाही, भोकच नाही, घाई नाही नि दमही नाही. फक्त वेगावर चालणारी वजनं. नळ्यांच्या कटकटीला कंटाळून हजारो बीटलवाल्यांनी तो बसवला. गाडी चालते, पण पाय दाबल्याबरोबर क्षणभर अडखळते, कारण इंजिनाच्या श्वासाची बातमी आणणारं कुणी उरलेलं नाही. मूळ महाकाव्याची शालेय आवृत्ती असते तसं हे: गोष्ट सगळी आहे, चाल गेली. भाच्यानं हा पर्याय विचारला तेव्हा ताई म्हणाली, "तुझ्या बाबांनी आणला होता एकदा. दोन दिवसांत परत केला."

प्रकाशकांना एक सूचना. मुखपृष्ठं छान आहेत, छपाई स्वच्छ आहे, किंमत गाडीवाल्यांना परवडेल अशी आहे. पण कागद तेल फार पितो, आणि समास अगदीच अरुंद ठेवलेत. मेहुण्यांना शेवटचं वाक्य आडवं करून, आकृतीच्या वरून फिरवून लिहावं लागलंय आणि त्यातले 'म्हणून दम' हे दोन शब्द शिवणीत गेलेत. ते वाचायला पुस्तक पाठीवर मोडावं लागतं. पुढच्या आवृत्तीत समास किमान दोन बोटं तरी असावा.